घागरींना वाचा फुटली

निवांतवाडी नावाचं एक गाव होतं. नाव ऐकून भुलू नका हं! तिथं रोज संध्याकाळी दवंडीवाला डफ बडवत फिरायचा. "आज गावात कुणी कुणाला मारलं नाही होऽऽ! सगळीकडे शांतता होऽऽ!" अशी दवंडी झाली, की पाटीलबुवा खूश होऊन मिशीवरून हात फिरवायचे.

आता ही शांतता कसली, ते ऐका. गावाच्या बागेत एक निळानिळा झरा होता. काठावर पिवळाधमक सोनचाफा, पाण्यावर इवल्या इवल्या लाटा, झऱ्यात उतरायला दगडी पायऱ्या. पण खालच्या आळीनं त्या पायऱ्यांवर पाऊल टाकायचं नाही, अशी रीत! आपली घागर बाहेरच्या काळ्या दगडावर ठेवायची आणि थांबायचं. वरच्या आळीतल्या कुणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतणार. नाही आलं तर नाही! मारत कुणीच नव्हतं. मारायची गरजच काय होती? सगळे निमूट थांबत होते ना!

खालच्या आळीतली सोनकी सकाळपासून थांबली होती. घरी तिचा धाकटा भाऊ बबड्या तापानं फणफणला होता. "पाणी... पाणी..." म्हणत होता. आई मोळी आणायला रानात गेलेली.

"तारामावशी, घोटभर घाला ना. बबड्या आजारी आहे," सोनकी म्हणाली.

"थांब गं बाई! झरा काय पळून चाललाय?" वरच्या आळीतली तारामावशी गोड हसली आणि भरला हंडा घेऊन निघून गेली.

सोनकीचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिला काटेरी झुडपात अडकलेला एक चतुर दिसला. चिमुकला, पंख थरथरणारा. बोटांना काटे टोचले, रक्त आलं, तरी तिनं त्याला हळूच सोडवलं. आणि काय आश्चर्य! चतुराची झाली एक चिमणी परी. मोरपिशी झगा, चमचमते पंख!

"एक इच्छा माग, बाळ," परी म्हणाली. "पण तिनं कुणाला इजा होता कामा नये. आणि मोठ्यानं मागायची. मनातल्या मनात मागितलेलं मला ऐकूच येत नाही."

सोनकी घाबरली. मोठ्यानं? या गावात? ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली. काहीच घडलं नाही. मग तिला बबड्याचे सुकलेले ओठ आठवले. आणि असा संताप आला, असा संताप आला, की ती सारी बाग दणाणून ओरडली, "आमच्या रिकाम्या घागरींना वाचा फुटू दे!"

झालं! काळ्या दगडावरच्या घागरी बोलायला लागल्या.

"मी सकाळपासून कोरडी आहे!"

"माझी म्हातारी इथंच उन्हात चक्कर येऊन पडली, कुणी बघितलंसुद्धा नाही!"

"वरून ओततात, अर्धं पाणी मातीत सांडतं!"

सारा गाव धावत आला. पाटीलबुवा लालबुंद! "ए पोरी! गावाची शांतता मोडलीस तू!"

"मोडायला होती कुठं, पाटीलबाबा?" सोनकी म्हणाली. "आम्ही गप्प होतो, एवढंच!"

पाटीलबुवांनी तोंड उघडलं, पण घागरी त्यांना बोलू देतील तर ना! एकेक घागर एकेकाचं नाव घेऊन जाब विचारत होती. तारामावशीचंही नाव आलं. तिची मान खाली गेली. "चुकलं गं माझं," ती म्हणाली आणि पायरीवरून बाजूला झाली. मग दुसरं कुणी सरलं, मग तिसरं. शेवटी पाटीलबुवाही सरले, कुरकुरत का होईना.

सोनकी तुरुतुरु पायऱ्या उतरली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःच्या हातांनी घागर बुडवली. बुडबुड, बुडबुड! तिच्यामागून सारी खालची आळी उतरली. सोनकी पळत घरी आली. बबड्या घटाघटा पाणी प्यायला आणि डोळे उघडून हसला. दारातून परीनं ते पाहिलं, टाळी वाजवली आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.

त्या संध्याकाळी दवंडीवाल्यानं डफ खुंटीवरून काढलाच नाही. झऱ्यावर दोन्ही आळ्यांचा इतका गलका चालला होता, की त्याचं ऐकणार कोण?