पाठीवरचे पिल्लू

एका जंगलात एक अस्वलीण राहत असे. वाघ समोर आला तरी ती कधी डगमगली नव्हती. पण मुलांनो, एके दिवशी तिला असा काही धक्का बसला, की तिला चक्क रडू आले! तो कसा, ते ऐका.

अस्वलांची पिल्ले लहानपणी आईच्या पाठीवर बसून, तिचे दाट केस घट्ट धरून रानभर फिरतात. हिचेही एक पिल्लू होते आणि त्याच्यावर तिचा भारी जीव. मात्र बाईसाहेबांना एक खोड होती. आजचे पोट भरले रे भरले, की लगेच उद्याचे वारूळ हुंगत निघायचे. पोटात वाळवी मावत नसे, तरी नाक जमिनीला टेकलेलेच! "उद्या मिळाली नाही तर?" हे तिचे पालुपद.

पिल्लाचा हट्ट एकच होता. पलीकडच्या तळ्यात आपले रूप दिसते, असे त्याला साळुंकीने सांगितले होते. ते रोज म्हणे, "आई, तुझ्या पाठीवर बसलो की मी कसा दिसतो, ते मला बघायचंय. चल ना तळ्यावर!"

"उद्या जाऊ रे राजा. आज टेकडीमागची वारुळं बघायचीत."

दुसऱ्या दिवशी उद्या, तिसऱ्या दिवशीही उद्याच. बिचारे किती दिवस विचारणार? पुढे त्याने विचारणेच सोडले. अस्वलिणीला वाटले, चला, पोर शहाणे झाले.

पावसाळा सरला, थंडीही गेली. उन्हाळ्यात ओढे आटले, तेव्हा पाण्यासाठी तळ्यावर जाणे भागच पडले. 'बरं झालं, पोराचा हट्टही पुरा होईल,' असे म्हणत ती खुशीत पाण्यावर वाकली आणि दचकून मागे सरली. पाण्यात तिची पाठ रिकामी दिसत होती, आणि शेजारी एक दांडगे, अनोळखी अस्वल उभे होते!

"कोण रे तू?" ती गुरगुरली. "माझं पिल्लू कुठंय?"

"अगं आई, असं काय करतेस? मीच की!"

अस्वलिणीच्या पायांखालची जमीनच सरकली. "तू... तू पाठीवरून उतरलास कधी?"

"गेल्या पावसाळ्यात. 'जरा खाली उतर, वारूळ खणायचंय,' असं तूच म्हणालीस. मग 'चढ' म्हणालीच नाहीस. मी आपला मागून चालत राहिलो."

ती आठवू लागली. कोणते होते ते वारूळ? काही केल्या तिला आठवेना.

"बस! आत्ता बस!" ती ओरडली आणि खाली वाकली. पिल्लाने बिचकत एक पाय तिच्या पाठीवर टाकला, मग अंगाचा भार दिला, आणि दोघेही धपकन चिखलात आपटली. काठावरची टिटवी घाबरून ओरडत उडाली. पिल्लू खदखदून हसले. अस्वलिणीला मात्र रडू कोसळले.

"रडू नको गं," पिल्लू म्हणाले. "आई, उद्या मी डोंगरापलीकडे निघणार. आता माझं रान मलाच शोधायला हवं."

उद्या! हा शब्द एवढा टोचतो, हे तिला ठाऊकच नव्हते. "आणि आज?" तिने भीत भीत विचारले.

"आज आहे की मी इथेच."

तेवढ्यात वाऱ्यावर मधाच्या पोळ्याचा वास आला. सवयीने तिचे नाक वर उठले, पण पाय हलले नाहीत. ती पिल्लाला खेटून बसली आणि दिवस मावळेपर्यंत पाण्यातली ती दोन तोंडे बघत राहिली. पोळे कुठल्या झाडावर होते, ते तिने शेवटपर्यंत पाहिले नाही.

तात्पर्य : उद्याची काळजी जरूर करावी, पण तिच्यापायी आजचा दिवस खाली उतरवू नये; कारण एकदा उतरलेला दिवस पुन्हा पाठीवर बसत नाही.