काळ्या पायांचे घोडे

सुरंगवाडीच्या खाडीकाठी, सातेरीच्या देवळासमोर, लाकडी घोड्यांचा एक जुना गोल पाळणा आहे. गावात त्याला घोडेचक्र म्हणतात. घोड्यांची अंगे लाखेच्या रंगाने लाल-पिवळी चकाकतात, पाय मात्र कोळशासारखे काळे. 'पाय रंगवायचे राहिले का?' असे एखाद्या पाहुण्याने विचारले, की देवळाचे म्हातारे मानकरी बाबी परब त्याला पारावर बसवतात आणि अनशीची गोष्ट सांगतात.

अनशी ही लाकूड कोरून रंगवणाऱ्या रामा चिताऱ्याची बायको. वाडीची घरे तेव्हा पैलतीरावर, देऊळ अलीकडे. मूल होईना, तेव्हा रामाने देवीला नवस केला होता, 'मूल दे, जत्रेत गावच्या साऱ्या पोरांना घोड्यावर बसवीन.' मुलगा झाला. रामाने फणसाच्या लाकडाचे घोडे कोरायला घेतले, ते पुरे होईतो पोरगा चांगला धावू-बोलू लागला होता म्हणे.

जत्रेच्या सकाळी नवराबायको चक्र उभारायला पुढे आली. पोरे मागून मणू तारीच्या होडीतून यायची होती. घोडे बघायला ती इतकी उतावीळ, की मणूने एकाच खेपेत सगळी घेतली. मध्यावर वारा फिरला. अनशी चक्राशी उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत होडी कलंडली. पोरे बुडाली, त्यांना काढता काढता मणूही बुडाला. ओहोटी लागली होती. अनशीच्या मुलाचे कलेवरसुद्धा हाती आले नाही.

गावाने दोष दोघांना दिला, मणूला आणि चक्राला. रामा स्वतःच पेटती चूड घेऊन घोड्यांकडे निघाला. अनशीने त्याचे मनगट धरले.

"जाळू नकात. माझो झील अजून बसाक नाय तेच्यार."

चक्र देवळामागच्या मांगरात, अडगळीच्या खोपटात, गेले. रामाने पुन्हा हत्यार धरले नाही. वर्षाच्या आत तो गेला. मणूची विधवा चंद्री आणि तिचे तान्हे पोर गावात असून नसल्यासारखे झाले. तिच्या हातचे पाणी कोणी घेईना.

वर्षे गेली. जत्रा म्हणजे नुसती पूजा उरली. आया पोरांना दाराबाहेर सोडत नसत. एका वर्षी पूजेच्या दिवशी अनशीने पाहिले, एक चिमुरडी मांगराच्या फटीतून हात घालून घोड्याचे नाक कुरवाळत होती. तिची आई धावत आली. त्या बाईचा थोरला त्याच होडीत बुडाला होता. तिने पोरीला बडव बडव बडवले.

अनशी घरी आली आणि तिने रामाचा लाकूड तासायचा वाकस खाली काढला.

घोड्यांचे पाय वाळवीने खाल्ले होते. या कामाला लाकूड कोण देणार? किनाऱ्यावर मात्र मणूची होडी पालथी पडून होती, खाऱ्या पाण्याने काळी झालेली. अनशी चंद्रीच्या दारात गेली.

"चंद्रे, तुझी होडी माका दी."

चंद्रीने उंबरा सोडला नाही. "त्या होडयेन तुझो झील खाल्ल्यान, अनशी."

"म्हणानच मागतंय. पोरांका घोड्यांपर्यंत पोचवचा काम तिचा अजून रवला आसा."

दोघींनी मिळून होडी फोडली. त्या फळ्यांवर रंग काही केल्या बसेना, म्हणून पाय तसेच राहिले, असे सांगतात.

जत्रेचा दिवस आला. अनशी खाडीकडे बोट करून म्हणाली, "पयलो फेरो तेंचो." कोणी पुढे झाले नाही. चंद्री भिंतीआड उभी होती. अनशीने तिला हाताला धरून चक्र ढकलायच्या दांड्याशी आणले. दोघींनी जोर लावला. चक्र हलेना. चंद्रीचे पाय वाळूत घसरत राहिले. मग ती पोरीला बडवणारी आई ओठ आवळून आली आणि चंद्रीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मग आणखी एक. मग उरलेल्या.

चक्र करकरले आणि फिरू लागले. रिकाम्या घोड्यांचा फेरा चालला. अनशीने एका घोड्याच्या पाठीवर हात धरला होता, पोर तोल जाऊन पडेल म्हणून धरावा तसा. फेरा थांबेपर्यंत कोणी रडले नाही. थांबल्यावर जो आकांत झाला, तो पैलतीरापर्यंत ऐकू गेला म्हणे.

आजही जत्रेचा पहिला फेरा रिकामाच फिरतो. पुरुष दूर उभे राहतात, ढोल बंद असतो, चक्र बायाच ढकलतात. दांड्याला पहिला हात लावायचा मान मणू तारीच्या घरच्या सुनेचा. तिने हात लावल्याशिवाय सुरंगवाडीतली कोणतीही आई आपले पोर घोड्यावर चढवत नाही.