गिरजाआजी आणि शेवटचा पट्टा

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी गिरजाआजींना विचारलं, "अजून किती फिरवू?"

"काय?"

"ही चावी. पट्टा डावीकडं पळते."

आजी मशीनकडे बघत नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या.

"कवापासून फिरवून राहिली?"

"मशीन सुरू केल्यापासून."

"मंग तो कवा थांबन?"

मला राग आला. मी विचारलं एक, त्या सांगत होत्या भलतंच.

आमच्या बचत गटात सागाचे पोळपाट होतात. घासायचं मशीन आलं तेव्हा तालुक्याला तीन दिवस शिकायला मीच गेले होते. त्याचं सर्टिफिकेट शेडच्या भिंतीवर लावलेलं आहे.

मशीन तसं साधं. पॉलिश पेपरचा गोल जोडलेला पट्टा दोन रोलरांवर ताणून बसवायचा. बटन दाबलं की तो धावतो, वरून पोळपाट धरायचा. पट्टा एका बाजूला सरकला तर पुढच्या रोलरची चावी फिरवून त्याला मधोमध आणायचं.

तेवढंच मला जमत नव्हतं. तीन पट्टे लोखंडी कडेला घासून फाटले होते. आज चौथा चढवला होता. पाचवा नव्हता.

आमच्या गटाच्या अध्यक्ष लताताई निकुरे सकाळीच बजावून गेल्या होत्या, हा फाटला की मशीनवर पोतं टाकायचं आणि सगळ्यांनी पहिल्यासारखं हातानं घासायचं. रागावून नाही, हसत हसत. वर माझ्याकडे बघून म्हणाल्या की योगिताचं सर्टिफिकेटही जरा खरखरीत दिसते, आधी तेच घासून घेऊ.

बायका हसल्या. मीपण हसले.

पण हातानं घासलं की दिवसाचे पोळपाट पुरे व्हायला संध्याकाळचे सहा वाजतात. मशीनवर दोनला सुटका होते. माझी राही आठ महिन्यांची आहे, सासूबाईंजवळ राहते, बाटली तोंडात घेत नाही. दोनपर्यंत कशीबशी निभावते. सहापर्यंत रडून रडून तिचा आवाज बसलेला असतो. मी दारात पोचते तेव्हा ती माझ्याकडे बघते, आणि नुसतं तोंड उघडते.

म्हणून कोणी काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं.

पण गिरजाआजींनी?

गिरजाबाई मोहुर्ले यांनी गावातली पिठाची गिरणी सत्तावीस वर्षं चालवली. नवरा गेल्यावर एकटीनं. लताताईंनी त्यांना बोलावणं धाडलं म्हणून त्या आल्या होत्या. घासायचं मशीन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी तसं सांगूनही टाकलं, की आजी, हे तुमच्या गिरणीसारखं नसते.

"हाव," त्या म्हणाल्या. "मले मशीन समजत नाई. पट्टा समजते."

आणि भुशाच्या पोत्यावर बसून सुपारी कातरायला लागल्या.

पट्टा डावीकडे चालला. मी चावी फिरवली. तो उजवीकडे आला, तो थांबलाच नाही, पार उजव्या कडेला गेला. मी उलटी फिरवली. तो पुन्हा डावीकडे निघाला, आणि या वेळी जास्त जोरात. माझ्या हाताला घाम आला होता. चावी बोटांतून सटकत होती.

"बंद कर."

मी बटन बंद केलं.

"वायर काढ."

काढली.

"पट्टा उतरव. आता रोलरवर बोट फिरव. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश."

मी बोट फिरवलं. गुळगुळीत... गुळगुळीत... आणि डाव्या टोकाजवळ बोट अडलं. रोलरभोवती बांगडीसारखं एक कडं तयार झालं होतं. तांबडं, वाळलेलं, त्यात भुसा बसून दगडासारखं टणक झालेलं.

"हे काय हाय?" आजींनी विचारलं.

मला माहीत होतं.

"कुंकू."

खंडेनवमीला आम्ही करवत, रंधा, मशीन, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. बाकीच्या तेवढ्यावर थांबल्या. मग माझ्या हातून पहिला पट्टा फाटला आणि मला भीती बसली. त्या दिवसापासून रोज सकाळी तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट मी रोलरच्या टोकाला लावत होते. सुरू करायच्या आधी. रोलर रोज वेगळ्या जागी थांबलेला असायचा, म्हणून बोटही रोज वेगळ्या जागी लागायचं.

आजींना सांगताना मी हेही सांगितलं की एक दिवस चुकवला नाही. ताप होता त्या दिवशीसुद्धा नाही.

त्या हसल्या नाहीत. खालची बांबूची कपची उचलली आणि रोलर खरवडायला बसल्या. खरवडून निघालं ते सगळं माझ्या तळहातावर ठेवलं. चिमूटभर होतं. एवढ्याशानं पहिल्यानंतरचे दोन पट्टे खाल्ले होते.

"पट्टा उंचाकडं चढते, पोरी. तू त्याले रोज एक पायरी बांधून देते. आन मंग चावीनं खाली ओढते."

मी विचारलं, मग नमस्कार करायचाच नाही का.

"कर ना. मशीनच्या बाहेरून कर."

रोलर त्यांनी मला कोरड्या फडक्यानं पुसायला लावला. दोन्ही रोलर, दोनदोनदा. मग पट्टा चढवला. पट्ट्याच्या आत बाण छापलेला असतो, तो धावायच्या दिशेला हवा. आजींना वाचता येत नाही, पण बाणावर बोट त्यांनीच आधी ठेवलं. ताण दिला. वायर लावली.

बटन दाबलं.

पट्टा धावायला लागला. थोडा वेळ मधोमध... आणि डावीकडे निघाला.

माझा हात चावीवर गेला.

"चतकोर," आजी म्हणाल्या. "चतकोरापेक्षा तीळभर जास्त नाई."

मी चतकोर फिरवली. पट्टा ऐकेना. डावीकडेच चालला होता. मी आणखी फिरवणार, एवढ्यात आजींनी माझं मनगट धरलं.

म्हातारीच्या हातात केवढी ताकद. बांगड्या कातडीत रुतल्या.

"सोडा ना, आजी. फाटन. शेवटचा हाय."

"मले माहीत हाय."

पट्टा कडेपासून बोटभर उरला. मग अर्धं बोट. मला राहीचं ते उघडं तोंड दिसायला लागलं. मी दुसरा हात पुढे केला. आजींनी तोही धरला. दोन्ही हात धरून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मशीनकडे त्यांची पाठ होती.

"पोरगी झोपली का तिले हलवून पाह्यते का तू? श्वास चालू हाय का नाई म्हनून?"

मी खाली बघितलं.

"...पाह्यते."

"मंग ती उठते."

"हाव."

"मंग तू गावभर सांगते, माही पोरगी झोपतच नाई."

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. मान वर केली तेव्हा आजींच्या खांद्यावरून मला मशीन दिसलं.

पट्टा कडेला लागला नव्हता. दोऱ्याएवढं अंतर ठेवून तिथंच धावत होता. जणू विचारात पडला असावा... मग इवलासा उजवीकडे आला. आणखी थोडा आला. अगदी सावकाश, कुणी न हाकलता, मधोमध आला.

आणि तिथंच राहिला.

आजींनी माझे हात सोडले.

मी चावीला हात लावला नाही.

पोळपाट उचलला आणि पट्ट्यावर धरला. मशीनचा आवाज बदलला, आधी कुरकुरायचं ते एका सुरात गायला लागलं. भुसा पिठासारखा उडाला. पोळपाट उलटा करून पाहिला तर सागाच्या रेघा पाण्यातून दिसाव्या तशा दिसत होत्या. दुसरा धरला. तिसरा. हातातलं काम सोडून बायका जवळ आल्या. आता कोणी हसत नव्हतं. दहाव्या पोळपाटानंतर पट्टा भुशानं माखला, तर आजींनी जुन्या स्लिपरचा रबरी तळ मागवून घेतला आणि धावत्या पट्ट्यावर जरा टेकवून धरायला लावला. पट्टा नव्यासारखा झाला. मधूनमधून तो किंचित सरकायचा. मी बघत राहायचे. तो आपला आपण परत यायचा. एकदा नाही आला, तेव्हा चतकोराचा अर्धा फिरवला आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले. आला.

एक वाजून चाळीस मिनिटांनी चौतीस पोळपाट रचून झाले होते. रोजचे तीस असतात.

लताताई आल्या. वरचा पोळपाट घेऊन त्यावर तळवा फिरवला, मग गालाला लावून पाहिला. मधला एक ओढून काढला, तोही लावून पाहिला. फळ्याजवळचा खडू घेतला आणि मशीनच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. योगिता शेंडे. आडनावासकट.

मी बटन बंद केलं, वायर काढली, आणि पट्ट्याचा ताण सैल केला. ते आजींनी सांगितलं नव्हतं. रात्रभर त्याला ताणून कशाला ठेवायचं, असं माझं मलाच वाटलं.

आजींनी ते पाहिलं. सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले आणि घरी पळायला सांगितलं, पोरगी वाट पाहत असेल म्हणून. मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले असेन, तर त्यांनी पाठीमागून हाक मारली.

नवेगावच्या गटालाही असंच मशीन मिळालं होतं, आणि तिथल्या बायांचेही पट्टे फाटत होते, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"उद्या तिकडं जाजो," त्या म्हणाल्या. "त्यांलेही सांगजो."

"काय सांगू, आजी?"

आजींनी माझ्या मनगटाकडे बघितलं.

"हेच. पन तोंडानं नको."