मूठभर खार आणि अकरा गोल

"शास्त्रीबुवा, काहीतरी करा! आमचे गडी अर्ध्या तासात धापा टाकतात!"

तांबूळगडचे भुजंगराव महाराज कडाडले. फुटबॉलचं त्यांना एवढं वेड, की दरबारही मैदानातच भरवायचे. पण त्यांचा संघ दर सामन्यात शेजारच्या माळेवाडीकडून सडकून मार खायचा.

राजवैद्य गुंडोशास्त्रींनी चांदीची डबी उघडली. "हे वायुवेग भस्म, महाराज! पळून पळून पायांत आंबट साचतं, मग पाय पेटतात. हा क्षार ते आंबट मारतो. सामन्याआधी चिमूटभर..."

"चिमूटभर? गडी आहेत ते, मुंग्या नाहीत! प्रत्येकाला मूठभर द्या!"

शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं, महाराजांच्या मिशीकडे पाहिलं आणि गपकन मिटलं.

सामना सुरू झाला. दहाव्या मिनिटाला अकराच्या अकरा गडी वाऱ्यासारखे सुटले... चेंडू सोडून, थेट जोंधळ्याच्या रानात! रिकाम्या मैदानावर माळेवाडीनं आरामात चौदा गोल मारले.

"वेग पाहिलात?" महाराज गरजले. "भस्म अस्सल आहे, गडीच उलटे पळतात! पुढच्या सामन्यालाही मूठच मिळेल. आमचा शब्द म्हणजे शब्द! आणि गोल सोडून कोणी रानाकडे पळाला, तर अकराही जण बायकापोरांसह राज्याबाहेर!"

आघाडीचा गडी येसबा घरी येऊन आडवा झाला. त्याची बायको चिंगूबाई राजवाड्यासाठी पापड लाटायची. नवऱ्याच्या हाताला चिकटलेली पांढरी पूड तिनं जिभेला लावली.

"अवं, ह्यो तर पापडखार! शेरभर डाळीला मी दोन चिमटी घालते, तरी पापड टम्म फुगतो. अन् तुमी मूठ खाल्ली?"

"म्हाराजांनी खायला लावली. आता शब्द मागं घेतील व्हय ते? कुठं जायचं गं आपण?" बिचारा रडकुंडीला आला होता.

"कुठं न्हाई. उगी पडा. मी बघते."

सकाळी ती महाराजांपुढे उभी. "म्हाराज, मूठ हाय तेवढीच ऱ्हाऊ द्या. गड्यास्नी गोलाकडं मी पळवते. मला एक राहुटी, आत खणलेला चर, अन् पाण्याचे अकरा तांबे द्या."

"एवढंच?"

"एवढंच जी. लाटणं माजं मी आनते!"

सामन्याच्या दिवशी तिनं राहुटी ठोकली ती माळेवाडीच्या गोलामागे. दारात स्वतः लाटणं घेऊन उभी राहिली आणि ओरडली, "जो गोल करंल, त्योच आत!"

दहावं मिनिट आलं. पोटं गुरगुरली. येसबानं चेंडू घेतला, पाच जणांना चुकवलं, गोल मारला, तांब्या उचलला आणि आत गडप! मागोमाग दुसरा, मग तिसरा! मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तेव्हा चार भोई लावून राहुटीही पलीकडे नेली. तिथेही चर आधीच खणून ठेवला होता. बाई हुशार!

शेवटी राहिला गोलरक्षक. तो आपला गोल सोडून, चेंडू पायाशी घेऊन, पोट धरून निघाला. त्याचा चेहरा पाहून माळेवाडीकरांनी घाबरून वाट करून दिली. अकरा गडी, अकरा गोल! माळेवाडीला भोपळा!

शास्त्रीबुवा लगेच पुढे सरसावले. "पाहिलंत माझ्या भस्माचं तेज? आता बक्षीस..."

"द्या की म्हाराज," चिंगूबाई म्हणाली. "पर आदी बुवांनी हितं एक मूठ खावी. राहुटी मी येशीपल्याड हलवते. मग बघा त्येंचा येग!"

शास्त्रीबुवांनी डबी पाठीमागे लपवली. "नको, नको! महाराज, मी चिमूटच म्हणत होतो हो! तुमच्या मिशीला भ्यालो!"

महाराजांचा हात मिशीकडे गेला. हसू दाबताना ओठ हलायला लागले होते, पण हट्ट सुटेना. "चिमूट असो नाहीतर काही असो! आम्ही मूठ म्हणालो. आता शब्द कसा फिरवू?"

"फिरवू नगा जी! मूठच द्या, पर माज्या पापडाच्या चुऱ्याची. चिमूटभर खार त्यात हायेच. तुमचा शब्दबी ऱ्हाईल, अन् गड्यांची लाजबी!"

महाराज एवढे हसले, की फेटा घरंगळून राहुटीपर्यंत गेला. हसतहसतच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि चिंगूबाईच्या लाटण्यात घातलं.