हवालदाराचं बटण

"थांबायचं कधी, अक्का? तेवढं एकच सांगा."

मठाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अक्कांनी वर पाहिलं नाही. पुढ्यात मोड आलेल्या वालांचं पातेलं होतं, दुपारी मठात मोठी पंगत बसायची होती, आणि हे खडतरे सर सकाळच्या पारी दारात उभे राहून कोडी घालत होते.

"कशाचं थांबायचं? आदी बस तर खरं."

सर बसले. मांडी घालताना गुडघा कटकन वाजला. अक्का त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पण त्यांची मांडी तासन्‌तास मोडत नसे, ह्याचं सरांना नेहमी नवल वाटे आणि थोडा रागही येई.

रंगनाथ खडतरे नांदखेडच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्त माणूस एकतर बाग फुलवतो, नाहीतर बायकोच्या फोडणीत लक्ष घालतो. सरांनी मेटल डिटेक्टर घेतला, ह्याबद्दल त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी देवाचे आभार मानत.

कानाला हेडफोन, हातात ती लांब दांडी, आणि मेहुण्याच्या शेतात उन्हातान्हात फेऱ्या. गोऱ्या साहेबाच्या राज्यात त्या शेतावर छावणी होती. छावणी उठली, तंबू गेले, घोडे गेले. बटणं तेवढी मातीत राहिली.

सापडलेलं बटण सर घरी आणत. आधी नुसत्या पाण्यात, मग तेलात मुरत ठेवत, आणि वहिनींच्या जुन्या टूथब्रशने बेताबेताने घासत. अख्ख्या गावात त्यांच्यासारखं बटण उजळणारा दुसरा माणूस नव्हता. दुसरं कुणी बटणं उजळतच नव्हतं, ही गोष्ट निराळी.

"ह्या बटणाचं," म्हणत सरांनी खिशातून एक डबी काढली. आत कापूस, आणि कापसावर हिरवट-काळं ढेकूळ.

"हे बटण?" अक्का म्हणाल्या. "मला वाटलं, खडीसाखरेला बुरशी आली."

"आत बटण आहे. पितळेचं. वर पुटं चढलीत. ती काढायची. पण कमी काढली तर दिसत नाही, जास्त काढली तर उरत नाही. मागच्या वेळी मी घाई केली, लिंबू-मीठ चोळलं. लखलखलं अगदी! आणि बघतो तर वरचा मुकुट गेला, पलटणीचा आकडा गेला. नुसती गुळगुळीत चकती."

"मंग?"

"मग काय... ड्रॉवरमध्ये पडली आहे. म्हणून तर विचारतोय. थांबायचं कधी?"

अक्कांनी पातेलं दोघांच्या मधोमध सरकवलं.

"सोल."

सरांना वाल सोलायला आवडत नसे. घरी हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पण अक्कांपुढे नाही म्हणायची प्राज्ञा नव्हती. त्यांनी एक वाल उचलला, नखाने साल खरवडली, आणि दाण्याचे दोन तुकडे झाले.

"जोर नगं लावू," अक्का म्हणाल्या. "चिमटीत धर. दाब. त्यो आपसूक भाईर येतुया."

अक्कांच्या बोटांतून दाणे टपाटप शेजारच्या परातीत पडत होते. सरांच्या बोटांतून चुरा पडत होता.

"हे बटण आमच्या पणजोबांचं आहे," सर जरा वेळाने म्हणाले. छाती आपोआप फुगली. "हवालदार बहिर्जी खडतरे. ह्याच छावणीत होते पलटणीला."

"बटणानं सांगितलं?"

"आजी सांगायची. आणि ह्या बटणावर पलटणीचा मुकुट निघणारच. आकारच सांगतो ना!"

"बरं."

"रविवारी आमचं कुलसंमेलन आहे, अक्का. पन्नासेक घरं येणार. तिकडे कऱ्हाडचा आनंदराव म्हणतो, आपल्यात कसला हवालदार नि फौजदार, सगळे मळ्यात मोटा हाकत होते. सगळ्या परिवाराच्या ग्रुपवर लिहिलं त्याने! मी उत्तर टाकलं, पुरावा रविवारी प्रत्यक्ष दाखवीन. सगळ्यांनी अंगठे दिले. मखमलीची पेटी करून घेतली आहे. आता हे बटण नीट निघालं नाही तर खडतऱ्यांत मला तोंड दाखवायला जागा नाही."

"तेलात कवापासनं हाय?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आन घासलंस किती?"

एक वाल सरांच्या बोटांतून निसटला आणि थेट चुलीपाशी गेला.

"...अजून घासलं नाही."

"का रं?"

"तेल बदलतोय मधूनमधून."

"आन?"

"नवा टूथब्रश आणलाय. मऊ."

"आन?"

"...दिवाणखान्यातला बल्बही बदलला. उजेड कमी पडत होता."

अक्का हसू लागल्या. तोंडात चार दात, पण हसणं बत्तिशीचं. त्यांचं हसणं लागण झाल्यासारखं पसरे. सरही हसायला लागले आणि हसता हसता मध्येच थांबले.

कारण त्यांना खरी गोष्ट कळली होती. पुटं केव्हाच मऊ झाली होती. रोज सकाळी ते बटण तेलातून काढत, बोट लावत, आणि परत तेलात सोडत. जास्त घासलं जाईल ही त्यांची भीती नव्हती. आत मुकुट निघालाच नाही तर, ही भीती होती, आणि ती अशी समोर येऊन बसल्यावर सरांना कानकोंडं झालं. इतक्या मुलांना निरीक्षण आणि अनुमान शिकवलं, आणि स्वतःच्या घरात अनुमान आधी छापून निरीक्षण कपाटात ठेवलं होतं!

"आनंदरावला काय सांगू मग?" ते पुटपुटले.

अक्कांनी हात पुढे केला, डबीतलं ढेकूळ उचललं, चिमटीत धरलं...

"अक्का! अहो, ते बटण आहे, वाल नव्हे!"

...आणि दाबून अंगठा फिरवला.

पुटाचा पापुद्रा सुटला आणि वालांच्या सालींत जाऊन पडला. इतक्या दिवसांचं तेल, तो मऊ ब्रश, तो बल्ब, सगळं अंगठ्याच्या एका फेऱ्यात निकालात निघालं होतं.

अक्कांनी बटण लुगड्याच्या पदराला पुसलं, उजेडात धरलं.

"हं."

"काय दिसतंय?"

"डोक्यावर हाय कायतरी."

"मुकुट!" सर गुडघ्यांवर उभेच राहिले. "मी सांगितलं नव्हतं?"

"मुकुट न्हवं... तुरा हाय."

"तुरा?"

"कोंबडा हाय रं, रंगनाथा."

सरांनी बटण जवळजवळ हिसकावून घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. कोंबडाच होता. चांगला ऐटीत मान ताणून उभा, पायांच्या नख्यांसकट. आणि त्याच्या भोवती गोलाकार इंग्रजी अक्षरं, एकही पुसलेलं नाही.

"आसल की एखाद्या पलटणीचा कोंबडा," अक्का म्हणाल्या. "पाटंचं उठवायला लागतंच की शिपायास्नी."

"पलटणीचं नाही हे." सरांचा आवाज खोल गेला. "नांदखेड क्लब, असं लिहिलंय. साहेबलोकांचा क्लब होता तिथे. मेहुण्याच्या विहिरीपलीकडे त्याचं जोतं अजून आहे. संध्याकाळी साहेब तिथे खायला-प्यायला जमत. तिथल्या वाढप्यांच्या कोटाला असली बटणं असायची."

"म्हंजी वाढप्याचं हाय."

"वाढप्याचं."

चुलीवरचं आधण रटरटत होतं.

सरांना रडू येईल असं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. साठी उलटलेला माणूस कोंबड्याच्या बटणावरून रडतोय, हे कुणाला सांगायचं? पण डोळ्यांपुढे कऱ्हाडचा आनंदराव दिसत होता. मखमलीच्या पेटीवर वाकलेला. मिशीतल्या मिशीत हसणारा. "वा सर, पणजोबा कोंबड्यांच्या पलटणीत होते वाटतं!"

अक्का सोलत होत्या.

"अक्का," सर एकदम हळू आवाजात म्हणाले, "अजून जरा घासलं तर..."

"तर काय?"

"लिंबू-मीठ लावलं, तर अर्ध्या तासात कोंबडा जाईल. अक्षरंही जातील. गुळगुळीत चकती उरेल. मग ते क्लबाचं आहे, असं कुणालाही म्हणता येणार नाही."

"आन पलटणीचं हाय, आसं म्हनता यील."

"...हो."

अक्का उठल्या, कोनाड्यातून एक लिंबू घेतलं, मिठाची वाटी घेतली, आणि दोन्ही आणून सरांच्या पुढ्यात ठेवली. मग आपल्या जागी बसून पुन्हा वाल सोलू लागल्या.

सर लिंबाकडे बघत राहिले. एका हातात बटण होतं. त्यांनी अंगठा कोंबड्यावरून फिरवला. कोंबड्याचा तुरा बोटाला लागला, मग चोच लागली. बटणाच्या मागची कडी जरा वाकलेली होती. कोटाला लावताना कुणीतरी ती घाईने दाबली असावी. एका कडेला ते बटण जास्त झिजलेलं होतं. रोज संध्याकाळी कुणाचा तरी अंगठा तिथेच पडत असला पाहिजे.

त्यांनी लिंबू बाजूला सारलं.

"कोण असेल हो हा?" ते म्हणाले.

"मला काय ठावं? तुज्या घरी ऱ्हायलाय दिवाळीपासनं."

"नाव नाही, गाव नाही. पलटणीत असता तर कुठे नोंद तरी मिळाली असती. वाढप्याची कोण नोंद ठेवतो?" सर स्वतःशीच बोलत होते. "पांढरा कोट, वर ही चकचकीत बटणं. हातात तबक. साहेब जेवायचे, हा मागे भिंतीशी उभा. साहेब उठेपर्यंत हलायचं नाही. मग उरलंसुरलं घेऊन मागच्या दाराने..."

ते थांबले. पहिल्यांदाच ते ह्या माणसाचा विचार करत होते. आत्तापर्यंत फक्त स्वतःच्या पणजोबांचा केला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही नव्हता.

"आनंदराव हसेल," ते म्हणाले. पण आता आवाजात आधीचं भय नव्हतं.

"हसंल की. कुनीतरी हसाया पायजेच संमेलनात. न्हाईतर निस्ती भाषनं."

सर खुदकन हसले. मग पुन्हा गंभीर झाले. बटण त्यांनी तळहातावर ठेवलं होतं, जपून, कोंबडा वर करून.

"पण अक्का, पेटी तयार आहे. सगळ्यांना सांगून बसलोय. आमच्या घराण्याचा तर हा नव्हेच. आता रविवारी मी ह्याचं करू काय?"

अक्कांनी शेवटचा वाल सोलला. साली सुपात भरल्या, हात झटकले, आणि सरांच्या तळहातावरच्या त्या कोंबड्याकडे बघून लेकराकडे बघावं तशा हसल्या.

"घिऊन जा की त्येला. जल्मभर उभ्यानं दुसऱ्यास्नी वाढलंय... एक डाव पंगतीत बसीव."