पान सुटेपर्यंत

फार पूर्वी, डोंगरातल्या कंदांनाही राजाचा हुकूम लागू होता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कंदवाली राहायची. सगळं गाव तिला कंदवालीच म्हणायचं, खरं नाव कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. पावसाळा सरला की ती डोंगरावरून मुसळीचे कंद खणून आणायची आणि त्यांच्या बदल्यात व्यापाऱ्याकडून ज्वारी घ्यायची. त्या ज्वारीवर तिचं वर्ष निघायचं.

मुसळी दिसायला अगदी साधी. वर गवतासारखी चार पानं, पांढऱ्या फुलांचा एक तुरा. पण मातीत बोटांसारख्या लांबट कंदांचा जुडगा असतो आणि सगळी ताकद त्या बोटांत असते. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला वैद्य ती दुधातून देत. दूरच्या शहरांतून मागणी वाढली, तेव्हा डोंगर उजाड होईल अशी राजाला धास्ती वाटली. म्हणून त्यानं नियम केला, की पान वाळल्याशिवाय मुसळी खणायची नाही. डोंगराच्या वाटेवर नाका बसला. खणणाऱ्यांनी वाळलेली पानं टोपलीत वर ठेवायची, नाकेदारानं ती बघून टोपलीला लाखेचा शिक्का मारायचा. शिक्क्याशिवाय व्यापारी मालाला हात लावत नसे.

गावाची स्वतःची एक रीतही होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. जुडग्यातली जाड बोटं तेवढी घ्यायची, दोन बारीक बोटांसकट वरचं डोकं खड्ड्यात परत ठेवायचं आणि माती पावलानं दाबून म्हणायचं, "नीज आता." पुढच्या पावसाळ्यात तिथूनच नवं पान यायचं. कंदवालीच्या आईनं तिला आणखी एक खूण शिकवली होती. खणण्याआधी पान हलकेच ओढून बघायचं. कंद पिकला असेल तर पान आपणहून हातात येतं.

एका वर्षी आषाढात दोन पाऊस पडले आणि मग आभाळानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. श्रावणात शेतं करपली. विहिरीत घागर बुडेनाशी झाली. कंदवालीची लेक त्याच वेळी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. घरात ज्वारी होती ती जेमतेम दसऱ्यापर्यंत पुरणारी. लेक जेवताना अर्धी भाकरी बाजूला ठेवून "भूक नाही गं माय" म्हणायची. कंदवाली ती अर्धी भाकरी परत तिच्या ताटात सारायची.

अशात एक दिवस शेजारीण धावत आली.

"चल लवकर. मुसळीची पानं वाळली. व्यापारी आलाय, ज्वारीच्या गाड्या घेऊन."

"श्रावणात? दिवाळी व्हायची आहे अजून."

"नियमात काय दिवाळी लिहिलीय? पान वाळलं की खणायचं. पान वाळलंय."

कंदवालीनं कुदळ उचलली. डोंगराचे उतार घराघरांनी पूर्वीपासून वाटून घेतलेले होते. तिनं आपला उतार गाठला तेव्हा आजूबाजूला सगळीकडे कुदळींचे आवाज येत होते. पानं खरोखरच वाळली होती, हात लावला की चुरचुरत होती. तिला लेकीची अर्धी भाकरी दिसत होती. तिनं खणायला सुरुवात केली. बोटं बारीक निघत होती, टोपली भरता भरेना, म्हणून बाकीच्यांनी डोक्यासकट अख्खे जुडगे टोपलीत टाकायला सुरुवात केली. थोड्या वेळानं तिनंही तेच केलं. "नीज आता" म्हणायला त्या दिवशी कोणालाच सवड नव्हती.

नाकेदारानं वरची पानं चोळून पाहिली. "वाळलीत," तो म्हणाला आणि त्यानं शिक्का मारला.

घरी मायलेकी अंगणात कंद सोलायला बसल्या. पिकलेल्या मुसळीची साल तपकिरी असते आणि ती सोलली की आत भरदार पांढरं बोट निघतं. या बोटांना मुळी तपकिरी सालच आली नव्हती. कंदवालीनं एक बोट सोललं, तर हातात सुतळीएवढी दशी राहिली. लेकीनं एका जुडग्याला अजून चिकटलेलं पान ओढलं. ते निघेना. तिनं जोर केला तेव्हा पान मधेच तुटलं.

"माय, हे तर धरून बसलंय की," लेक म्हणाली.

कंदवालीनं ते तुटलेलं पान उचललं. चाळीस वर्षं मुसळी खणली आणि आज तिनं एकही पान ओढून पाहिलं नव्हतं. पान पिकून वाळलं नव्हतं, तहानेनं वाळलं होतं. तिला आपली लाज वाटली, आणि लेकीसमोर डोळ्यांना पदर लावायचीही लाज वाटली.

"हे व्यापाऱ्याला देणार का?" लेकीनं विचारलं.

"दिलं तर दोन महिन्यांची ज्वारी येईल."

"आणि पुढच्या वर्षी?"

पोटुशी लेक समोर, आणि ती पुढच्या वर्षाचं विचारत होती. मग कंदवालीनं टोपलीच्या काठावरचा शिक्का फोडला, कंद परत आत भरले, वर ओलं फडकं टाकलं आणि टोपली डोक्यावर घेतली.

नाक्यावर नाकेदार गोंधळला. "मावशी, भरली टोपली घेऊन वर कुठे?"

"परत ठेवायला."

त्यानं नियमांची वही काढली, पुढून मागून चाळली. "बाहेर न्यायचे नियम आहेत. आत न्यायचा नियमच नाही. शिक्का कुठे मारू?"

"कपाळावर मारा माझ्या," कंदवाली म्हणाली आणि चालू लागली.

तिनं प्रत्येक जुडगा आपल्या उतारावरच्या झाडांच्या सावलीत पुरला, वर पालापाचोळा पसरला. पावलानं माती दाबताना ती म्हणत होती, "नीज आता. चुकले मी." विहिरीतून मिळेल ती अर्धी घागर ती चार दिवसांआड तिथे नेऊन शिंपडायची. शेजारीण कपाळाला हात लावायची. "माणसांना प्यायला नाही आणि ही डोंगराला पाणी पाजतेय." व्यापारी तर हसून म्हणाला, "शिक्का मारलेला माल मातीत घातलास. तुझ्याएवढी खुळी बाई मी पाहिली नाही."

"शिक्का पानाला होता शेठजी," ती म्हणाली. "तुम्ही पान विकणार का?"

व्यापाऱ्याला त्याचं उत्तर पंधरा दिवसांनी मिळालं. शहरातल्या वैद्यांनी सगळा माल परत पाठवला होता. वाळून त्याच्या काड्या झाल्या होत्या. उरलेली ज्वारी न देताच त्याच्या गाड्या निघून गेल्या. गावाला महिन्याभराची ज्वारी मिळाली आणि डोंगराला खड्डे मिळाले.

कंदवालीला तेवढीही मिळाली नाही. रानातली तरोट्याची भाजी, उकडलेले कडू कंद आणि मूठभर पीठ यांवर मायलेकींनी दिवस काढले. शेवटी लेकीनं पिल्लापासून वाढवलेली शेळी ज्वारीच्या बदल्यात द्यावी लागली. कार्तिकात लेक बाळंत झाली, मुलगी झाली. बाळंतिणीला दुधातून द्यायला घरात मुसळीचं एक बोट नव्हतं आणि दूधही नव्हतं. त्या दिवशी कंदवालीला वाटलं, आपण खरंच खुळ्या आहोत.

पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला. डोंगर हिरवा झाला, पण तो नुसत्या गवतानं. गाव उतारांवर वाकून वाकून मुसळी शोधत होतं. कंदवालीनं परत ठेवलेले सगळे जुडगे जगले नव्हते, पण निम्मे तरी जगले होते. तिच्या एकटीच्या उतारावर पांढरे तुरे डोलत होते.

व्यापारी आला. "तिप्पट ज्वारी देतो. सगळी माझी."

"यंदा विकायची नाही," कंदवाली म्हणाली. दिवाळी झाली, पानं पिवळी होऊन वाळली, तेव्हा तिनं गावातल्या प्रत्येक घराला बोलावलं. नाकेदारही वही घेऊन वर आला. मान खाली घालून तो म्हणाला, "मावशी, चूक माझीही आहे. नियम नीट लिहून राजाला कळवतो. सांगा, काय लिहू?"

"आधी वही खाली ठेवा," ती म्हणाली. "वाका. पान ओढा."

नाकेदार वाकला. त्यानं दोन बोटांनी पान धरलं आणि ते अलगद त्याच्या हातात आलं.

कंदवालीनं पहिल्या जुडग्याची जाड बोटं काढून दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीच्या ओटीत टाकली. मग दोन बारीक बोटं ठेवलेलं डोकं तिनं शेजारणीच्या हातात दिलं. "जा, तुझ्या उतारावर लाव," ती म्हणाली. त्या दिवशी प्रत्येक घराला डोकी मिळाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या डोंगरभर माणसं पावलानं माती दाबून म्हणत होती, "नीज आता." कंदवालीच्या कडेवरची नात ते ऐकता ऐकता झोपून गेली.

तात्पर्य: नियमाचे शब्द पाळले म्हणजे नियम पाळला असं होत नाही. तो कोणाला जगवण्यासाठी केला होता, ते वाकून, हात लावून पाहावं लागतं.