बिनतळाची घरटी

फार मागे, माळावरच्या विहिरीवर एक बाभूळ झुकलेली होती. तिच्यावर पिवळ्या नावाच्या सुगरण पक्ष्यानं खूप घरटी टांगली आणि मोठ्या तळ्यावरच्या पाखरांना बोलावलं, "इथंच आपली वस्ती करू!"

भुरी सुगरणीची अंडी घालायची वेळ आली होती. तळ्यावर फांदी मिळत नव्हती, तरी पिवळ्याच्या बोलण्यावर तिचा विश्वास बसेना. बाभळीवर येऊन तिनं एकेका घरट्यात डोकं घातलं. खाली थेट विहिरीचं पाणी दिसलं.

"काय रे, तळ कुठंय?"

"पाखरं जमू देत वहिनी, मग विणतो."

"आणि तोवर माझी अंडी पोहत बसतील होय? एक तरी घरटं पुरं कर."

पिवळ्यानं एक घरटं पुरं विणलं. भुरीनं आत बसून ते गदागदा हलवलं. मग तळ्याकडं तोंड करून हाक दिली, "या गं बायांनो! पण आधी आत डोकावा."